चैत्रगौरीची आरास आणि कुंडीतला वसंत

मा. संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार वि. वि.

माघ लागला की बेळगावातल्या रोपवाटिकांच्या दाराशी पेट्युनिया, पॅन्झी, डायॅन्थस आणि फ्लॉक्स यांच्या फुललेल्या पिशव्यांच्या रांगा लागतात, आणि थंडीतली पुष्पप्रदर्शने पाहून आलेली माणसे त्या पिशव्या डझनाच्या हिशेबाने घरी नेतात. मीही अनेक वर्षे नेत आले. ही झाडे पाडव्यापर्यंत कशीबशी तग धरतात आणि चैत्राच्या हळदीकुंकवाला घरात बायका येतात तेव्हा गॅलरीत नेमक्या वाळलेल्या काड्या उरलेल्या असतात. यात रोपवाटिकेचा दोष आहे असे मी म्हणणार नाही. आश्विन-कार्तिकात पेरलेले हे हंगामी झाड माघात आपले फुलणे उरकत आलेले असते. आपण त्याचे म्हातारपण विकत घेतो, एवढेच. वसंतासाठी कुंड्या कशा भराव्यात यावर दर वर्षी पुरवण्यांतून जे वाचायला मिळते त्यातली झाडांची यादी बहुधा थंड देशातली असते, म्हणून आमच्या भागातल्या वसंताविषयी थोडे लिहावेसे वाटले.

दोन वर्षांपूर्वी मार्च महिन्यात मुलीकडे गेले असताना अमेरिकेतल्या पिट्सबर्ग शहरातले फिप्स कॉन्झर्व्हेटरी हे काचघर पाहण्याचा योग आला. हेन्री फिप्स या पोलादाच्या धंद्यात श्रीमंत झालेल्या गृहस्थांनी ते शहराला भेट दिले आणि १८९३ साली ते लोकांसाठी खुले झाले. बाहेर झाडांना एकही पान नव्हते, रस्त्याच्या कडेला मळकट बर्फाचे ढीग होते, आणि आत वसंताचे पुष्पप्रदर्शन भरलेले होते. ट्युलिप, हायसिंथ, डॅफोडिल यांचे रंग आणि वास असे काही अंगावर आले की मी पहिला अर्धा तास नुसती उभीच होते. नंतर मात्र माझ्यातली जुनी शिक्षिका जागी झाली आणि मी फुले सोडून कुंड्या पाहू लागले. एका पसरट कुंडीत तीन थरांत कंद लावलेले होते : सर्वांत खाली, वीतभर खोल, ट्युलिप; त्याच्या वर हायसिंथ; आणि अगदी वरच्या थरात बोटाएवढी निळी फुले देणारे बारीक कंद. खालचा कोंब वरच्या कंदांना चुकवून बाजूने वर येतो, त्यामुळे हातभर जागेत एकामागून एक फुलांचे तीन हप्ते मिळतात. शेजारच्या मोठ्या कुंड्यांत वेगळी रीत होती. मध्ये एक ताठ उंच झाड, त्याच्या पायाशी भरगच्च पसरणारे दुसरे, आणि काठावरून खाली ओघळणारे तिसरे.

आपल्याकडची तुलना करायची तर बेंगळुरूच्या लालबागेतल्या ग्लास हाऊसची आठवण येते. लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या धर्तीवरच्या त्या इमारतीची पायाभरणी १८८९ साली झाली, म्हणजे दोन्ही काचघरे जवळपास एकाच वयाची आहेत. पण तिथे झाडांना थंडीपासून जपण्याचा प्रश्न नसतो आणि प्रदर्शने भरतात ती प्रजासत्ताक दिन व स्वातंत्र्यदिन यांना धरून, म्हणजे एक थंडीत आणि दुसरे पावसाळ्यात. आमच्या ह्यूम पार्कातले प्रदर्शनही थंडीतलेच. चैत्र-वैशाखात कुंडी कशी फुलवावी हे दाखवणारे प्रदर्शन मी या भागात अजून पाहिलेले नाही.

पिट्सबर्गहून परतल्यावर मी जे केले ते सांगायला थोडा संकोच वाटतो. ऑक्टोबरात ट्युलिपचे दहा कंद मागवले. या कंदांना फुलण्याआधी साधारण १२ ते १६ आठवडे ९ अंशांच्या खालची थंडी मिळावी लागते, हे मी वाचले होते; म्हणून ते कागदी पिशवीत घालून फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेवले. त्याच कप्प्यात आमच्या घरची सफरचंदे आणि पिकलेले चिकू असत. जानेवारीअखेर कंद कुंडीत लावले, पाने सुरेख आली, आणि कळ्या पानांच्या आतच तपकिरी होऊन सुकल्या. पिकणारी फळे इथिलीन नावाचा वायू सोडतात आणि तो कंदाच्या पोटात तयार होत असलेली कळी मारतो, ही माहिती मला दहाही कंद गेल्यावर मिळाली. पण त्याहून मोठी चूक माझ्या लक्षात आली ती पुढच्या वर्षी. कंद शाबूत राहिले असते तरी आमच्या एप्रिलातल्या पस्तिशीच्या पुढच्या उन्हात ती फुले किती दिवस टिकली असती? काचघरातली माणसे ट्युलिप लावतात, कारण ट्युलिपला हवी असलेली थंडी त्यांच्या अंगणात फुकट पडलेली असते. आपल्या अंगणात फुकट काय पडलेले आहे, हे मी कधी पाहिलेच नव्हते.

याचे उत्तर आपल्या शेतकऱ्याला पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. पेरू, डाळिंब, लिंबू यांचे बागायतदार ‘बहार धरतात’ म्हणजे काय करतात? झाडाचे पाणी तोडतात, त्याला ताण देतात, पाने पिवळी पडू देतात, आणि मग खत घालून भरपूर पाणी सोडतात. झाड फुलांनी लगडते. जानेवारी-फेब्रुवारीत पाणी सोडून धरलेला तो आंबे बहार. थंड देशातल्या कंदाला जी विश्रांती बर्फ देतो, ती आपल्या कंदाला कोरडेपणा देतो. काचघरातल्या प्रदर्शनाचे मर्म झाडाला योग्य वेळी झोपवणे आणि योग्य वेळी उठवणे यात आहे, आणि ते मर्म घ्यायला परदेशी कंद मागवण्याची काहीच गरज नाही.

या हिशेबात पहिला मान मी भुईचाफ्याला देते. मार्गशीर्षापर्यंत याची पाने वाळून जातात आणि कुंडी मेल्यासारखी दिसते. पुष्कळ घरांतून ती याच वेळी उपडी करून माती दुसऱ्या झाडाला घातली जाते, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे. ती तशीच आडोशाला कोरडी ठेवावी, माघात कंद उकरून विभागावेत, दोन बोटे खोल पुन्हा लावावेत आणि फाल्गुनात जेमतेम ओल द्यावी. चैत्रात एक दिवस पानाचा पत्ता नसताना नुसत्या मातीतून पांढऱ्या-जांभळ्या पाकळ्यांचे सुवासिक फूल वर येते. प्रत्येक फुलाचे आयुष्य फार तर दिवस-दोन दिवसांचे असते, पण एकाच गड्ड्यातून कित्येक दिवस ओळीने नवी फुले येत राहतात. या कुंडीत दुसरे काहीही लावू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. फूल मातीलगत असते. आजूबाजूला हिरवा गचपणा आला की ते हरवते. वर जांभ्याचे बारीक खडे पसरले की लाल पार्श्वभूमीवर ते पांढरे फूल असे उठून दिसते की पिट्सबर्गच्या काचघरातही त्याच्याभोवती लोक थांबले असते. पावसाळ्यात त्याच कुंडीत लांबरुंद, नक्षीदार पानांचा डेरा होतो, म्हणजे जागा वाया जात नाही.

दुसरी फुटबॉल लिली. हिचे मूळ आफ्रिकेत असले तरी आता आमच्या जुन्या वाड्यांच्या परसात ती कोणी लावली हे कोणालाच आठवत नाही. वळवाचा पहिला पाऊस झाला की जमिनीतून एक जाड दांडा वर येतो आणि त्यावर लाल तंतूंचा चेंडू फुलतो. हिचे कंद खोल पुरले की पाने येतात, फूल रुसते. मानेचा भाग मातीच्या पातळीला असावा. तिसरी, जिला आपण नुसतेच ‘लाल लिली’ म्हणतो ती ॲमरिलिस, दक्षिण अमेरिकेतून आलेली. हिला कुंडी घट्ट लागते. कंद आणि कुंडीचा काठ यांत बोट-दोन बोटांचेच अंतर असावे आणि कंदाचा वरचा तिसरा हिस्सा मातीबाहेर राहावा. ऐसपैस कुंडी दिली की ती मुळे आणि पिल्ले वाढवत बसते. मार्गशीर्ष-पौषात पाणी पूर्ण बंद करून माघाच्या शेवटी पुन्हा सुरू केले की पाडव्याच्या आसपास दांडे दिसू लागतात. निशिगंधाचे कंद मात्र चैत्रात फुलण्याची अपेक्षा ठेवून लावू नयेत. ते या दिवसांत लावायचे आणि पावसाळ्यात फुलांची वाट पाहायची.

मोगरा कंदवर्गातला नसला तरी तोही याच नियमाने चालतो. पौषात त्याचे पाणी तोडून, पाने झाडून, आता माघात छाटणी केली आणि कुजलेले शेणखत घालून पाणी दिले तर फाल्गुनअखेर कळ्या धरतात. आमच्या शेजारच्या कन्नड घरात हीच रीत मल्लिगेला आहे, आणि छाटणीची कात्री दोन्ही घरांत एकच फिरते. ज्यांना मोगरा नुसता पानांनी भरतो अशी तक्रार असते, त्यांनी त्याला वर्षभर लाडाने पाणी घातलेले असते.

आता एका कुंडीत अनेक झाडे लावण्याच्या त्या रीतीविषयी. उंच, भरगच्च आणि ओघळणारे अशी तीन झाडे एकत्र लावणे दिसायला सोपे असले तरी त्यात एक न बोललेली अट आहे : तिघांची पाण्याची आणि उन्हाची भूक सारखी हवी. मी पहिल्या प्रयत्नात मध्ये कर्दळ आणि काठाला चिनी गुलाब लावला. कर्दळीला हवे तेवढे पाणी घातले की चिनी गुलाब कुजे, आणि चिनी गुलाबाच्या मानाने पाणी दिले की कर्दळीची पाने करपत. त्यानंतर मी कुंड्यांची वाटणीच केली. गच्चीवरच्या रणरणत्या उन्हासाठी मध्ये अडेनियम, त्याच्या भोवती गोंफ्रेना आणि काठाला चिनी गुलाब. हे तिघेही एखाद्या दिवशी पाणी चुकले तर तक्रार करत नाहीत. (अडेनियमचा चीक विषारी असतो, घरात लहान मुले असतील तर तो नको आणि त्याच्या जागी सदाफुलीही नको, तीही खाण्याजोगी नाही; त्याऐवजी मध्ये झिनियाची उंच जात लावावी आणि पाणी थोडे वाढवावे.) नळाजवळच्या जागेत कर्दळ आणि तिच्या पायाशी शोभेच्या रताळ्याचा वेल. सकाळचे कोवळे ऊन येणाऱ्या गॅलरीत आबोली, कोलियस आणि काठावरून शतावरीच्या शोभेच्या जातीचे झुबके. आबोलीला, म्हणजे शेजारच्यांच्या कनकांबराला, आमच्या घरात इतका मान आहे की ती कुंडीत असली तर दुसऱ्या फुलाकडे कोणी फारसे बघत नाही, हे शोभेच्या दृष्टीने गैरसोयीचे असले तरी खरे आहे. झिनियाचे बी या महिन्यात टाकले तर साधारण दोन महिन्यांत फुले येतात आणि चिनी गुलाबाच्या काड्या मातीत खोचल्या तरी पुरते.

कुंडी कोणती घ्यावी, याचे उत्तर आमच्या जिल्ह्यात शोधायला लांब जावे लागत नाही. खानापूरच्या मातीची कौले आणि भांडी सर्वांना परिचित आहेत. खादी आणि ग्रामोद्योग आयोगाची कुंभारकामाची संस्थाही तिथेच आहे. तरीही बाजारात लोक रंगीत प्लास्टिकच्या कुंड्या उचलतात, कारण त्या हलक्या आणि स्वस्त असतात. चैत्रातल्या दुपारी त्या कुंडीला बाहेरून हात लावून पाहावा. मातीच्या कुंडीच्या अंगातून पाणी झिरपून उडून जाते, त्यामुळे मुळांना माठातल्या पाण्यासारखा गारवा मिळतो. प्लास्टिकमध्ये मुळे शिजतात. मातीच्या कुंडीला पाणी अधिक लागते ही गोष्ट मान्य, पण भुईचाफा आणि लिली यांसारख्या कुजण्याची भीती असलेल्या कंदांना हाच तिचा गुण उपयोगी पडतो. नवी कुंडी माती भरण्यापूर्वी दिवसभर पाण्यात बुडवून ठेवावी, नाही तर ती पहिले काही दिवस झाडाच्या वाट्याचे पाणी स्वतःच पिते. पश्चिमेच्या उन्हात ठेवायच्या कुंड्यांना बाहेरून चुना फासला तर आणखी बरे.

मातीच्या बाबतीत आमचा जिल्हा मधोमध दुभागलेला आहे. खानापूर-बेळगावकडची लाल माती पाणी सोडते, तर बैलहोंगल-सौंदत्तीकडची काळी माती ते धरून बसते. काळ्या मातीच्या गावात राहणारी माझी बहीण कुंडीतही तीच माती भरत असे. ती माती उन्हात आकसते, कुंडीच्या भिंतीपासून सुटते, आणि वरून घातलेले पाणी त्या फटीतून सरळ खाली निघून जाते. बशीत पाणी दिसते म्हणून माणूस निश्चिंत होतो आणि झाड मधल्या मध्ये तहानलेले राहते. दोन वाटे लाल माती, एक वाटा चांगले कुजलेले शेणखत आणि एक वाटा भाताचे तूस किंवा जाड वाळू, एवढ्यावर माझ्या सर्व कुंड्या चालतात. भाताचे तूस आमच्या भागात गिरणीवर मागितले की मिळते. तळाच्या छिद्रावर एक खापरी पुरे; खाली खडीचा जाड थर घातल्याने निचरा सुधारतो ही समजूत चुकीची आहे, त्याने ओलीचा थर मुळांच्या अधिक जवळ येतो. वरून उसाचे पाचट बारीक तोडून पसरावे. चिकोडी-संकेश्वरकडे ते शेतात जाळले जाते, आणि बेळगावची मंडळी त्याच कामासाठी नारळाच्या सोडणाचे तुकडे पिशवीच्या भावाने विकत घेतात.

पाण्यासाठी हल्ली ठिबकच्या नळ्या आणि घड्याळाचे नळ मिळतात. माझ्या सासूबाई वैशाखात तुळशीवर गळती लावत असत : तीन काठ्यांच्या तिकाटण्यावर तळाला बारीक भोक पाडलेले मडके, भोकात सुती कापडाची वात, आणि तिच्यातून थेंब थेंब पाणी. धर्म म्हणून ते केले जाई. पण कुंडीतल्या मर्यादित मातीला उन्हाळ्यात एकदम बादलीभर पाणी नको, सतत थोडे हवे, ही समज त्यात होतीच. मी आता तशा तीन गळत्या लिलीच्या आणि आबोलीच्या कुंड्यांवर लावते. वात किती घट्ट बसवावी याचा अंदाज यायला मला आठवडा लागला, आणि त्या आठवड्यात एक आबोली बुडाली.

हे सारे लिहिण्यामागे एक विनंतीही आहे. चैत्र शुद्ध तृतीयेपासून अक्षय्य तृतीयेपर्यंत महिनाभर आपल्या घरांत चैत्रगौर झोपाळ्यात बसते. तिच्यापुढे आरास मांडतात, अंगणात चैत्रांगण काढतात, आंब्याची डाळ, पन्हे आणि भिजवलेले हरभरे देऊन हळदीकुंकू करतात. पायऱ्या-पायऱ्यांची ती आरास म्हणजे घरातले छोटे पुष्पप्रदर्शनच. अलीकडे तिच्यात प्लास्टिकची फुले आणि दिव्यांच्या माळा आल्या आहेत, त्या मला रुचत नाहीत, पण त्यावर इथे लिहीत नाही. थंडीत पुष्पप्रदर्शन भरवणाऱ्या आमच्या संस्थांनी आणि उद्यान खात्याने या महिन्यात तीन-चार दिवसांचे एक छोटे प्रदर्शनही भरवावे. त्यात फक्त त्या दिवसांत, आपल्या हवेत, कुंडीत फुललेली झाडे असावीत. कुंड्या खानापूरच्या असाव्यात. आणि प्रत्येक कुंडीजवळ ते झाड कधी लावले, किती दिवस कोरडे ठेवले आणि पाणी कधी सुरू केले याची चिठ्ठी मराठीत आणि कन्नडमध्ये असावी. बक्षीस सर्वांत मोठ्या फुलाला देऊ नये. ज्याची चिठ्ठी नीट लिहिलेली असेल त्याला द्यावे. काचघराची गरज नाही. शेडनेटचे एक छप्पर आणि वळवाच्या वाऱ्यात उडणार नाहीत असे चार खांब पुरेत.

एक सूचना मात्र या प्रदर्शनाच्या नियमांत ठळक असावी. खानापूरच्या रानात पावसाळ्याच्या तोंडाला सीतेची वेणी हे झाडांवर वाढणारे ऑर्किड, रानहळद आणि जमिनीवरच्या ऑर्किडच्या जाती फुलतात आणि हौशी मंडळी त्या उपटून आणतात. भीमगड अभयारण्यातून झाड काढणे हा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे. आणि अभयारण्याबाहेरून आणलेली सीतेची वेणीही गच्चीवरच्या कुंडीत बहुधा एक-दोन उन्हाळेच काढते, कारण तिला झाडाची साल आणि रानातली हवा हवी असते, माती नको असते. रानातून आणलेल्या झाडाला प्रदर्शनात जागा असू नये.

प्रदर्शन भरो वा न भरो, या वर्षीच्या चैत्रासाठी अजून वेळ गेलेली नाही. माझ्याकडे भुईचाफ्याच्या सात कुंड्या याच आठवड्यात उपड्या केल्या आणि मला ठेवायचे तेवढे कंद ठेवून सुपभर उरले आहेत. रविवारी सकाळी आमच्या गल्लीतल्या ग्रंथालयाच्या ओट्यावर ते ठेवणार आहे. ज्यांना हवे असतील त्यांनी दोन-दोन न्यावेत, प्लास्टिकच्या पिशवीत बांधू नयेत, आणि पहिल्या वर्षी दोन-चारच फुले आली तर कुंडी उपडी करू नये.

आपली,
एक वाचक (निवृत्त शिक्षिका),
टिळकवाडी, बेळगाव